नागपुरात स्टुडिओ फर्निचर: मे आणि ऑगस्ट दोन्ही सोसेल असं काम

"मी फर्निचर करतो" असं नागपुरात सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "प्लाय कोणता वापरता?" प्लाय-सनमायकाचं काम वेगळं आणि आपलं वेगळं, हे नवीन माणसाने आधी स्वतःला नीट समजावून घ्यावं. स्टुडिओ फर्निचर म्हणजे ज्याने वस्तू कागदावर काढली त्यानेच तिचं लाकूड निवडलं, सांधे कापले, पॉलिश केलं आणि ती घेणाऱ्याच्या घरी नेऊन ठेवली. एकेक नग, फार तर सहा-आठ खुर्च्यांचा संच. वर्षभरात पंधरा-वीस मोठ्या वस्तू झाल्या तर भरपूर.

हा लेख त्या तरुणांसाठी आहे जे दर महिन्याला माझ्या कारखान्यात येतात आणि विचारतात, "दादा, सुरुवात कुठून करू?" काही आर्किटेक्चर शिकलेले असतात, काही आयटी सोडून आलेले, एक-दोन वाढयाच्या, म्हणजे सुताराच्या, घरातलेच, पण प्लायला कंटाळलेले. सगळ्यांना मी एकच क्रम सांगतो. तोच इथे लिहितो आहे.

पायरी पहिली: आधी नागपूरची हवा शिका

हत्यारं नंतर. आधी एक फळी घ्या. सागाची, साधारण ३०० मिमी रुंद, पूर्ण वाळलेली. मे महिन्यात तिची रुंदी मोजून फळीवरच पेन्सिलीने लिहा. ऑगस्टमध्ये परत मोजा, जानेवारीत परत. लांबीही मोजा. लांबी जवळजवळ तेवढीच राहील, रुंदी मात्र हलेल. आपल्या धंद्यातलं निम्मं शहाणपण या एका फळीवर लिहिलेलं असतं.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि दुपारची हवा भट्टीसारखी कोरडी असते. जूनच्या मध्यावर पाऊस लागला की दोन महिने दारं-खिडक्या फुगतात. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. तोडून शंभर वर्षं झाली तरी हे थांबत नाही. तंतूंच्या आडव्या दिशेने ते फुगतं-आकसतं, उभ्या दिशेने जवळपास नाही. आडव्यातही दोन प्रकार आहेत. ओंडका सरळ चिरून काढलेली फळी, जिच्या तोंडावर डोंगरासारख्या रेषा दिसतात, ती जास्त हलते. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेत चिरलेली, सरळ रेषांची फळी साधारण निम्मीच हलते.

सागवान हे या बाबतीत फार सभ्य लाकूड आहे, तरीही हिशेब करून पाहा. डोंगरी रेषांच्या सागाची रुंदी लाकडातल्या ओलाव्याच्या दर एक टक्का फरकाला सुमारे ०.१९ टक्के बदलते. टेबलाचा माथा ९०० मिमी रुंद असेल आणि उन्हाळ्यातला ६ टक्के ओलावा पावसाळ्यात १२ टक्के झाला, तर माथा जवळपास १० मिमी रुंद होतो. एक पूर्ण सेंटिमीटर. तो माथा तुम्ही खालच्या चौकटीला स्क्रूने घट्ट आवळला असेल तर लाकूड एक तर चौकट उखडेल, नाही तर स्वतः फाटेल.

माझं पहिलं मोठं टेबल असंच फाटलं. सप्टेंबरात केलं, चौदा स्क्रू मारले, दिवाळीआधी घरी पोचवलं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री फटाका फुटल्यासारखा आवाज झाला, असं त्या घरच्या आजींनी सांगितलं. माथ्यात टोकापासून टोकापर्यंत चीर. ते टेबल मी परत आणलं, पैसे परत केले आणि ज्यांच्याकडे शिकलो त्या मिस्त्रीकाकांना दाखवलं. त्यांनी चिरेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "लाकडाले इचारलं का तू? ते मेलं नसते बाप्पा, पानी पेते अन् सोडते. त्याले जागा ठेव."

जागा ठेवण्याचे उपाय जुने आहेत. जुन्या वाड्यांची दिल्हेदार दारं बघा: चौकटीत खाच आणि खाचेत दिल्हा, म्हणजे मधली फळी, मोकळा बसवलेला, त्याला खिळा नाही की सरस नाही. दिल्हा आतल्या आत फुगतो, आकसतो, दार जागच्या जागी. टेबलाच्या माथ्यासाठी चौकटीच्या आतल्या बाजूने खाच पाडून तिच्यात सरकतील अशी लाकडी बटणं (छोटे ठोकळे) माथ्याला लावा, किंवा स्क्रूची भोकं लांबट करा. माथ्याच्या टोकाला आडवी पट्टी लावायची असेल तर मधला एकच बिंदू चिकटवा, बाजूच्या खुंट्यांची भोकं लांबट ठेवा. ड्रॉवर मे महिन्यात करत असाल तर ढिला करा, ऑगस्टमध्ये करत असाल तर जेमतेम सरकेल असा.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्या पुस्तकांत सापडणार नाही: कूलर. मे महिन्यात तुमचा पत्र्याचा शेड कोरडा ठणठणीत, आणि ज्या दिवाणखान्यात वस्तू जाणार तिथे दिवसरात्र कूलरची ओली हवा. एसीच्या घरात उलटं, तिथे हवा कोरडी राहते. म्हणून माप घ्यायला जाल तेव्हा "घरात कूलर आहे की एसी, आणि वस्तू त्याच्या झोतात येणार का" हे वहीत लिहून घ्या.

पायरी दुसरी: शिकायचं कुठे आणि कोणाकडे

श्रद्धानंद पेठेतल्या शासकीय आयटीआयसारख्या संस्थांमधून सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम शिकवला जातो. तुम्ही पदवीधर असाल तरी त्याला कमी लेखू नका. मापं, सांधे, यंत्राची शिस्त हे सगळं तिथे पायापासून होतं. पुढे जाऊन बेंगळुरूच्या लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत यंत्रावरच्या लाकूडकामाचं प्रशिक्षण घेता येतं, आणि डिझाइनचं शिक्षण हवं असेल तर अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आहेच.

पण माझं ठाम मत आहे की कोणत्याही अभ्यासक्रमाच्या आधी किंवा नंतर, एका जुन्या वाढयाच्या हाताखाली सहा महिने काढलेच पाहिजेत. प्लायवाल्याकडे नाही. जो अजून दाराच्या चौकटी, पलंग, देव्हारे भरीव लाकडात करतो, त्याच्याकडे. महाल, इतवारी, लकडगंजच्या गल्ल्यांत आणि आसपासच्या तालुक्यांत असे लोक अजून आहेत. पगार मागू नका. त्यांना काकाजी म्हणा, सकाळी त्यांच्या आधी पोचा, भुसा झाडा. ते तोंडाने फार कमी शिकवतात; हाताकडे बघावं लागतं. आमचे काका रंधा मारण्याआधी फळी उचलून तिच्या कडेकडे एक डोळा मिटून बघायचे आणि कोणत्या टोकाने सुरू करायचं ते ठरवायचे. तंतू कोणत्या बाजूला चढतात ते बघायचं असतं, हे मला तीन आठवड्यांनी कळलं.

पहिला महिना फक्त धार. पटाशी आणि रंध्याचं पातं २५ अंशांवर घासायचं आणि टोकाशी ३० अंशांची बारीक कड काढायची. मनगटावरचा केस निघाला पाहिजे. दुसऱ्या महिन्यात एक वाकडी फळी हाताच्या रंध्याने चारी बाजूंनी सरळ आणि काटकोनात आणायची. मग साल-चुलीचे, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसते असे, वीस सांधे, भंगार लाकडात. विसावा सांधा हाताने दाबून बसला आणि उलटा धरून हलवला तरी पडला नाही, तर पुढे जा. डव्हटेल, म्हणजे पारव्याच्या शेपटीच्या आकाराचा सांधा, त्यानंतर.

थोडं थांबून, आपल्या आधीच्या लोकांबद्दल

या कामाला "स्टुडिओ फर्निचर" हे नाव अमेरिकेत मिळालं. व्हार्टन एशरिक (१८८७–१९७०) हा तिथला पहिला मोठा माणूस, मुळात चित्रकार. पण आपल्याला जवळचा वाटावा असा कारागीर म्हणजे जॉर्ज नाकाशिमा (१९०५–१९९०). जपानी आईबापांच्या पोटी अमेरिकेत जन्मला, एमआयटीत वास्तुकला शिकला, वास्तुविशारद अँटोनिन रेमंड यांच्या टोकियोतल्या कचेरीत लागला आणि त्यांच्याच कामासाठी १९३०च्या दशकात पुदुच्चेरीला अरविंदाश्रमाची 'गोलकोंड' ही वसतिगृहाची इमारत उभारायला आला. तिथे तो श्री अरविंदांचा शिष्य झाला आणि त्याला 'सुंदरानंद' हे नाव मिळालं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं. आयडाहोच्या मिनिडोका छावणीत त्याला गेंतारो हिकोगावा नावाचा जपानी सुतार भेटला आणि हातहत्यारांचं खरं शिक्षण तिथे झालं. १९६४ साली तो अहमदाबादच्या डिझाइन संस्थेत येऊन फर्निचर करून गेला. लाकडातली चीर तो लपवत नसे. तिच्यावर आडवी फुलपाखराच्या आकाराची लाकडी चावी बसवायचा आणि चीर तिथेच धरून ठेवायचा. माझ्या फाटलेल्या टेबलाचा माथा मी नंतर तसाच जोडला. आज तो माझ्याच घरी जेवायला वापरतो.

दुसरा सॅम मलूफ (१९१६–२००९). त्याने सुरुवात केली ती लग्नानंतर स्वतःच्या घरासाठी, टाकून दिलेल्या प्लायवूडपासून आणि पेट्यांच्या लाकडापासून. पैसे नव्हते म्हणून. पुढे त्याची झुलती खुर्ची जगभर गाजली आणि १९८५ साली त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. धंद्याचा व्यवहार त्याची बायको अल्फ्रेडा सांभाळायची. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे हिशेबाची पायरी येईल आणि तिथेच बहुतेक जण घसरतात.

पायरी तिसरी: हत्यारं

सगळं एकदम घेऊ नका. सुरुवातीला हे पुरतं: एक मध्यम लोखंडी रंधा आणि एक छोटा, ६, १२, १८ आणि २५ मिमीच्या चार पटाश्या, एक बारीक दातांची करवत, चांगला गुण्या (काटकोन तपासायला), मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ मारायला), कानस, धारेचे दोन दगड, आणि सहा क्लॅम्प. मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, स्वतः करा, बाभळीची. आपल्याकडची बाभूळ जड आणि चिवट असते. पूर्वी बैलगाडीच्या कामाला वापरायचे ते उगाच नाही. हत्यारांच्या दांड्यांसाठी धावडा मिळाला तर सोन्याहून पिवळं.

सगळ्यात जास्त खर्च कामाच्या टेबलावर करा. जड, हलणार नाही असं, तुमच्या मनगटाच्या उंचीचं, एका टोकाला लोखंडी शेगडा (लाकूड आवळून धरणारा व्हाइस) बसवलेलं. हलत्या टेबलावर जगातला उत्तम रंधाही चालत नाही.

यंत्रांत पहिलं यंत्र रंधा-मशीन घ्या, दुसरी बँडसॉ (पट्ट्याची करवत). टेबल सॉ घेतलाच तर पात्यामागची पातळ पट्टी कधीही काढू नका. ती नसेल तर कापलेलं लाकूड मागच्या पात्यावर आवळतं आणि छातीवर येतं. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे नकोत, गळ्यात गमछा नको. आणि मे महिन्यात सकाळी साडेपाच ते अकरा काम करा. दुपारी पत्र्याखाली घामाने ओल्या हातांनी आणि जड डोक्याने यंत्र लावू नका. आमच्या ओळखीत गेलेली बोटं दुपारीच गेली आहेत.

नाकावर मास्क हवाच, तोही चांगल्या प्रतीचा. लाकडाच्या बारीक भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं आहे. सागाच्या धुळीने काहींच्या अंगाला खाजही सुटते.

पायरी चौथी: लाकूड

या बाबतीत आपण नागपूरकर भाग्यवान आहोत. गडचिरोलीतलं आलापल्ली, चंद्रपुरातलं बल्लारशा, ही नावं देशभरच्या लाकूडवाल्यांच्या तोंडी असतात. मध्य प्रांताच्या (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे सीपी) काळापासून इथल्या सागाला 'सीपी टीक' म्हणतात. नव्या संसद भवनासाठी साग नागपूरहून गेला, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूरच्या जंगलातून. महाराष्ट्र वन विकास महामंडळाचं मुख्यालय नागपुरातच आहे. महामंडळाच्या आणि वनविभागाच्या आगारांतून लाकडाचा लिलाव होतो. पण नवख्याने लिलावाच्या वाटेला जाऊ नये. तिथे लॉट उचलावा लागतो आणि ओंडका चिरल्यावर आत काय निघेल ते सांगता येत नाही. पहिली दोन वर्षं लकडगंजातून, आरा मशीनवरून चिरलेला माल घ्या.

माप मात्र आधी शिकून जा. चिरलेल्या लाकडाचं घनफूट काढायला रुंदी इंचात, जाडी इंचात आणि लांबी फुटात गुणून १४४ने भागायचं. सहा इंच रुंद, दीड इंच जाड, सात फूट लांब फळी म्हणजे ०.४४ घनफूट. गोल ओंडक्याचा हिशेब गोलाईवर होतो: गोलाईचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणून १४४ने भागायचं. गोलाई ४८ इंच आणि लांबी ८ फूट असेल तर १२ गुणिले १२ गुणिले ८, भागिले १४४, म्हणजे ८ घनफूट. ओंडक्यातलं खरं लाकूड याहून जास्त, सव्वादहाच्या आसपास असतं. चिराईत जाणारा भाग या पद्धतीत आधीच सोडून दिलेला आहे. दुकानदार तोंडी आकडा सांगेल तेव्हा तुम्ही मनात गुणाकार करून तयार असलं पाहिजे.

फळी हातात घेतल्यावर काय बघायचं? कडेला पांढरट पट्टा असेल तर तो बाहेरचा कच्चा भाग, त्याला कीड आणि वाळवी आधी लागते. तो कापून टाकायचा असं धरूनच भाव करा. गाभ्याचं केंद्र फळीत आलेलं असेल तर फळी तडकणार. ओलावा मोजायचं छोटं मीटर दीड-दोन हजारांत येतं. ते खिशात ठेवा आणि दुकानदारासमोर लावा. बारा टक्क्यांच्या वर असेल तर घ्या, पण लगेच वापरू नका.

वाळवायचा जुना अंदाज इंचाला एक वर्ष असा आहे. आपल्याकडचा उन्हाळा हे काम लवकर करतो, पण तीच भीती आहे: फार लवकर वाळलं तर टोकं फुटतात. फळ्या सावलीत, जमिनीपासून फूटभर वर रचा, प्रत्येक थरामध्ये एकसारख्या जाडीच्या पट्ट्या एकाखाली एक ओळीत ठेवा, टोकांना मेण किंवा जुना ऑइल पेंट फासा आणि वर वजन ठेवा. लू लागेल अशा बाजूला गोणपाट लावा.

सागाचा ओंडका असो की चिरलेला माल, बिल आणि वनविभागाचा वाहतूक परवाना यांची चौकशी केल्याशिवाय गाडी हलवू नका. शेतातला साग कोणी स्वस्तात देतो म्हणाला तरी तोडीची परवानगी आणि वाहतूक परवाना कागदावर बघा. गाडी नाक्यावर अडली तर लाकूडही जातं आणि गाडीही.

साग सोडूनही बघा, ही माझी मनापासूनची विनंती आहे. बिजा, ज्याला काही जण बिबला म्हणतात, सोनेरी-तपकिरी आणि भक्कम. त्याचा भुसा ओल्या कपड्यावर डाग पाडतो एवढंच. हळदू पिवळसर, बारीक पोताचं, त्यावर पटाशी लोण्यासारखी चालते. शिवण हलकं आणि हवेला फार कमी दाद देणारं, ड्रॉवरच्या आतल्या बाजूंना उत्तम. शिसव जड, काळसर, महाग. ऐन स्वस्त आहे आणि दिसतो सुंदर, पण वाळताना रुसतो. त्याला वेळ द्या.

जुन्या वाड्यांचं सागवान हा वेगळाच खजिना. महालात एखादा वाडा पडतो तेव्हा खांब, तुळया, दारं भंगारवाल्याकडे जातात. ऐंशी-शंभर वर्षं नागपूरचे उन्हाळे-पावसाळे सोसलेलं ते लाकूड चांगलं मुरलेलं असतं, थोडं हलतं तेवढंच. घेताना लोहचुंबक आणि धातू शोधायचं छोटं यंत्र न्या. आत तुटलेला एक खिळा राहिला तर रंधा-मशीनची पाती गेली म्हणून समजा. आणि कोरीव खांब मिळाला तर तो चिरू नका. तो आहे तसाच कोणाच्या तरी घरी उभा राहू द्या.

पायरी पाचवी: जागा

वस्तीत घराच्या मागे दोन खोल्या मिळाल्या तर सुरुवातीला पुरतात, पण यंत्राचा आवाज शेजारी किती दिवस सोसतील? वाडी, हिंगणा, कामठी रोड, कळमना या बाजूला शेड भाड्याने मिळतात. उत्तरेचा उजेड येईल अशी खिडकी, पत्र्याखाली आच्छादन, आणि तयार वस्तू ठेवायला एक पक्क्या छताची खोली, एवढं बघा. वीज थ्री-फेज लागेलच.

पायरी सहावी: पहिल्या वर्षी काय करायचं

पहिल्या वर्षी खुर्ची करू नका. खुर्चीत एकही काटकोन नसतो आणि माणूस तिच्यावर मागे रेलतो; ती सगळ्यात अवघड वस्तू आहे. पाट करा, चौरंग करा, बाक करा, छोटा देव्हारा करा. या वस्तूंची मापं आपल्या घरांत हजार वेळा तपासली गेली आहेत.

हात बसायला आणि चार पैसे यायला तान्हा पोळा फार चांगला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरची लेकरं लाकडी बैल सजवून घरोघर फिरतात. बाजारात रंगवलेले बैल खूप येतात, पण न रंगवलेला, हातात गुळगुळीत लागणारा, चाकं नीट फिरणारा हळदूचा किंवा सागाचा बैल लोक आवडीने घेतात आणि दरवर्षी बाहेर काढतात. उन्हाळ्यातच तुकड्यांतून पंचवीस-तीस कापून ठेवा. एकच वस्तू तीस वेळा केल्याने जे शिकायला मिळतं ते एका मोठ्या टेबलातून मिळत नाही.

बंगईची, म्हणजे झोपाळ्याची, मागणी कधी ना कधी येईल. विदर्भातल्या घराला बंगई हवीच असते. ती घेताना एक लक्षात ठेवा: चार मोठी माणसं बसून झोका घेणार असं धरूनच पाट, कड्या आणि वरचे हुक ठरवा, आणि हुक स्लॅबमध्ये कसे बसणार ते घर बांधणाऱ्या इंजिनिअरला विचारा. लाकूड तुमची जबाबदारी, छत त्यांची.

या वर्षातली पहिली मोठी वस्तू विकू नका. ती स्वतःच्या किंवा बहिणीच्या घरी ठेवा. तिला एक पूर्ण उन्हाळा, एक पूर्ण पावसाळा बघू द्या. कुठला सांधा उघडला, कुठला ड्रॉवर अडला, ते वहीत लिहा. मगच ती वस्तू दुसऱ्यासाठी करा.

पायरी सातवी: चिकटवणं आणि पॉलिश

फेव्हिकॉल उन्हाळ्यात फार लवकर ओढतो. मोठा जोड असेल तर सकाळी सहाला, सगळे क्लॅम्प आधी सुके लावून बघून, मगच चिकटवा.

पॉलिशला मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) हे मार्ग आहेतच, पण सुरुवात लाखेने आणि तेलाने करा. लाखेच्या पापड्या स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने पातळ थर चढवायचे. पावसाळ्यात मात्र ते करू नका, दमट हवेत थर पांढरा पडतो. जवसाचं तेल ही तर आपल्या विदर्भाची चीज. घाण्याचं कच्चं तेल वाळायला कित्येक दिवस घेतं. पेंटच्या दुकानातलं डबल बॉइल लवकर वाळतं, पण त्यात धातूंचे क्षार असतात, म्हणून पोळपाटाला किंवा जेवणाच्या ताटाला ते लावू नका. पातळ थर, अर्ध्या तासाने उरलेलं पुसायचं, दोन दिवस थांबायचं, परत.

इथे फार काळजीने वाचा. जवसाच्या तेलाने भिजलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकलं तर ते आपोआप पेट घेतं. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती अडकते. नागपूरच्या मे महिन्यात, भुशाने भरलेल्या शेडमध्ये, हे व्हायला एक दुपार पुरते. फडकी मोकळ्यावर दोरीवर पसरून वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. रोज. न चुकता.

पायरी आठवी: किंमत

एक उदाहरण घेऊ. सागाचा बाक: १२०० मिमी लांब, ३५० मिमी रुंद, ४५० मिमी उंच. तयार बाकात साधारण पाऊण घनफूट लाकूड राहतं. रंधाई, पांढरा भाग, गाठी, टोकं यांत चाळीस टक्के जातं, म्हणजे विकत घ्यायचं सव्वा घनफूट. भाव चार हजार रुपये घनफूट धरला तर ५,००० रुपये. पॉलिश, सरस, सँडपेपर ६००. कामाचे तास ३२. तुमच्या तासाला ३०० रुपये धरा, ते झाले ९,६००. जागेचं भाडं, वीज, धार, यंत्राचा हप्ता मिळून महिन्याचे १८,००० आणि हातात खरे काम करायचे तास महिन्याला १२० असतील तर तासाला १५०, म्हणजे ४,८००. बेरीज २०,०००. त्यावर चुका आणि रिकामे दिवस यांच्यासाठी पंधरा टक्के. बाकाची किंमत २३,००० रुपये.

"दुकानात सहा हजारांत मिळतो" असं लोक म्हणतील. खरं आहे, मिळतो. तुमचा तास मात्र कमी करू नका; गरज असेल तर बाक छोटा करा, डिझाइन सोपं करा. मी पहिली तीन वर्षं तास धरलेच नाहीत, फक्त लाकूड धरलं. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी बायकोने वही तपासली तेव्हा कळलं की प्रत्येक वस्तू मी घरचे पैसे घालून विकली होती. तेव्हापासून हिशेब ती ठेवते आणि मी दर शनिवारी तिला तास लिहून देतो.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) फुकट आहे, पहिल्याच महिन्यात करा. ज्यांचा सुतारकाम हा पिढीजात किंवा स्वतःचा हाताचा व्यवसाय आहे त्यांना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत नोंदणी करता येते: प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,०००, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांचं कर्ज. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. जीएसटीसाठी राज्यातल्या राज्यात वस्तू विकत असाल तर वर्षाला ४० लाखांची मर्यादा आहे; राज्याबाहेर माल पाठवायच्या आधी सीएला विचारा.

पायरी नववी: गिऱ्हाईक

पहिली दहा कामं ओळखीतून येतील. त्यानंतर वास्तुविशारदांकडे जा. फोटो घेऊन जाऊ नका, एक छोटा स्टूल घेऊन जा आणि त्यांना उलटा करून खालून बघू द्या. सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात क्राफ्ट मेळा भरतो, तिथे दोन दिवस नुसतं फिरून लोक कशाला हात लावतात ते बघा.

ऑर्डर घेताना रेखाचित्र, मापं, लाकडाची जात, पॉलिश आणि तारीख एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. निम्मे पैसे आगाऊ. मित्र असला तरी, मामा असला तरी. तारीख देताना तुम्हाला वाटते त्याच्या दीडपट द्या, कारण पावसाळ्यात पॉलिश आठवडाभर अडतं आणि लग्नसराईत गाडी मिळत नाही.

प्रत्येक वस्तूच्या खाली, दिसणार नाही अशा जागी, वर्ष आणि लाकूड कुठून आणलं ते कोरा. आणि वस्तू दिल्यानंतरच्या पहिल्या ऑगस्टमध्ये स्वतःहून फोन करा. "काकू, ड्रॉवर अडतो आहे का?" एवढंच विचारा. अडत असेल तर छोटा रंधा पिशवीत टाकून जा, दोन हात मारा, कडेला मेण घासा आणि चहा घेऊन या. पैसे घेऊ नका.